उभी राहिलेली बाई

घोट्यापर्यंत पाय चिखलात रुततो आणि तुम्हाला कळतं, बर्फ नुकतंच वितळलंय. साल १८१०. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचे डोंगर. समोर जंगल आहे, पण त्यातली बरीच झाडं उभ्या उभ्या मेलेली आहेत. खोडाभोवतीचा सालीचा पट्टा कुऱ्हाडीनं काढला की झाड वाळतं, पानं झडतात, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, आणि त्या वाळक्या खोडांच्या मधूनमधून मका पेरायचा. झाडं पाडायला या वर्षी हात नाहीत. पोटापुरतं पिकलं की मग बघू.

ओंडक्यांवर ओंडके रचून घर उभं केलंय. फटींत लाकडाच्या ढलप्या आणि चिखल लिंपलाय. खिडकीला काच नाही, तेलात भिजवलेला कागद आहे, त्यातून पिवळट उजेड आत येतो. दाराशी एक बाई उभी आहे. ती तुमच्याकडे पाहत नाही, रानाच्या कडेला पाहते. तुम्ही तिच्या मागोमाग आत जा.

चुलाणाची राख ती फेकत नाही. ती पिंपात साठते, वरून पाणी ओतलं की तळातून तपकिरी, हात भाजणारं क्षाराचं पाणी झिरपतं, ते चरबीबरोबर तासन्‌तास उकळलं की साबण. घरामागच्या तुकड्यात जवस पेरलेला असतो. तो उपटायचा, भिजत घालायचा, वाळवायचा, कुटायचा, विंचरायचा, मग त्याचा धागा कातायचा, मग विणायचं, आणि मग कुठं एक सदरा. मीठ इथं होत नाही, घोड्याच्या पाठीवरून डोंगर ओलांडून येतं, म्हणून ते जपून वापरायचं. आणि या सगळ्याच्या मधून बाळंतपणं. त्या काळी अमेरिकेत एका गोऱ्या बाईला सरासरी सात मुलं होत. ती सगळी जगत नसत.

तिचं नाव तुम्हाला हवं असेल. शिरगणतीच्या कागदात शोधलंत तर सापडणार नाही. १८५० च्या आधीच्या अमेरिकी जनगणनेत घरटी एकच नाव लिहीत, कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. विधवा होऊन घर चालवायला लागली तर बाईचं नाव कागदावर यायचं. नवरा असेपर्यंत ती एका रकान्यातला एक आकडा. एवढं काम करणाऱ्या हातांची एवढीच नोंद, हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही.

तिला धीर कुठून येतो? थोडा शेजारणींकडून. अडलेल्या बाळंतिणीसाठी दोन-दोन कोस चालत येणाऱ्या बायका हाच इथला दवाखाना. आणि बराचसा देवाकडून. पण हा देव दगडी चर्चमध्ये बसलेला नाही, तो घोड्यावरून येतो. मेथॉडिस्ट प्रचारक खोगिराच्या पिशवीत बायबल घालून वस्ती-वस्ती फिरतात. नऊ वर्षं मागे, दक्षिणेला केंटकीत केन रिज इथं चला. ऑगस्ट १८०१. रानात हजारो माणसं जमली आहेत, बैलगाड्यांत झोपताहेत, एकाच वेळी चार ठिकाणी चार प्रवचनं चालली आहेत. तुमच्या शेजारची बाई एकदम थरथरायला लागते. मान मागे फेकली जाते, केस सुटतात, ती कोसळते, उठते, हसते, रडते. कुणी तिला आवरत नाही. वर्षभर ज्या अंगानं फक्त राबायचं, त्या अंगाला इथं काहीतरी वेगळं करायची मुभा आहे.

या देशात भक्ती आणि नाच यांची गाठ त्याहीआधी पडली होती. १७७४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरहून ॲन ली नावाची एक बाई मोजक्या अनुयायांना घेऊन न्यूयॉर्कला उतरली. लोहाराची मुलगी, लिहितावाचता न येणारी. चार मुलं झाली, चारही लहानपणीच गेली. तिच्या पंथाला लोक शेकर म्हणत, कारण प्रार्थनेत ते थरथरत आणि नाचत. पुढं त्या नाचाला ओळी आल्या, ठरलेली पावलं आली. बायका-पुरुष अविवाहित राहत, आणि पंथाचा कारभार दोघांच्या हाती सारखा असे. १८४८ मध्ये मेन राज्यातल्या जोसेफ ब्रॅकेट या शेकरानं साधेपणावर एक छोटीशी चाल बांधली. तेवढी चाल कानात ठेवा, पुढं लागणार आहे.

इथून निघण्याआधी एकदा त्या रानाच्या कडेकडे नीट बघा, जिकडे ती बाई पाहत होती. ही जमीन रिकामी नव्हती. लेनापे आणि शॉनी लोकांची गावं, शेतं, वाटा इथं होत्या. करार करून, लढाया करून त्यांना पश्चिमेकडे रेटलं गेलं, आणि मग ही ओंडक्यांची घरं उभी राहिली. त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईचा धीर खरा आहे. तिच्या अंगणाखालची जमीन दुसऱ्या बायकांच्या हातून गेलेली आहे, हेही खरं आहे. तिला मान द्यायचा तर हे दोन्ही सोबत घेऊनच पुढं जावं लागेल.

आता सव्वाशे-दीडशे वर्षं ओलांडा. १९४३, ॲरिझोना. चिखल नाही, धूळ. डोळ्यांत, दातांत, भाकरीत धूळ. एकासारख्या एक लाकडी बराकींच्या रांगा आणि भोवती वाळवंट. हीला रिव्हर नावाची ही छावणी, आणि आत ठेवलेल्यांतली बहुसंख्य माणसं अमेरिकेचे जन्मजात नागरिक. पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून अशा छावण्यांत आणलं गेलं. ही छावणी उभारली तीही आदिवासींच्या राखीव जमिनीवर, त्यांचा विरोध डावलून.

एका बराकीत मुलं ओळीनं उभी आहेत. त्यांना नाच शिकवणारी तरुणी तेवीस वर्षांची आहे. तिचं नाव युरिको. कॅलिफोर्नियात सॅन होजेला जन्म, बालपणी जपानात नृत्याचं शिक्षण, परत अमेरिका, आणि मग हे. छावणीत कोंडलेलं असताना मुलांना नाच शिकवणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच वर्षी तिला छावणीबाहेर पडायची परवानगी मिळते. ती थेट न्यूयॉर्क गाठते, पोटासाठी शिवणकाम करते आणि मार्था ग्रॅहमच्या वर्गात दाखल होते.

मार्था ग्रॅहम त्या वेळी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. ॲलेगेनी या पेनसिल्व्हेनियातल्या गावी १८९४ मध्ये जन्मलेली, डॉक्टर बापाची मुलगी. त्याच पश्चिम पेनसिल्व्हेनियातली, जिथं तुमचा पाय रुतला होता. तिनं नृत्याचं व्याकरणच बदललं. पोट आत ओढून श्वास सोडायचा, मग श्वास घेत शरीर मोकळं करायचं, आणि सगळी हालचाल त्या आकुंचनातून जन्माला घालायची. बॅले जमिनीपासून वर उडू पाहतो, ग्रॅहमच्या बायका जमिनीला धरून असतात. पडतात, आणि पडण्यातून उठतात. १९३५ मध्ये तिनं 'फ्रंटिअर' नावाचं एकटीचं नृत्य केलं होतं. मागे कुंपणाचा एक तुकडा, तिथून वर कोपऱ्यांकडे गेलेले दोन दोर, आणि पुढे एक तरुण बाई अफाट मोकळ्या जागेकडे बघते आहे. ते दोर बांधले होते इसामू नोगुची या शिल्पकारानं. जपानी बाप, अमेरिकी आई.

आता ३० ऑक्टोबर १९४४. वॉशिंग्टन, लायब्ररी ऑफ काँग्रेसचं छोटेखानी सभागृह. युरोपात आणि पॅसिफिकमध्ये लढाई चालू आहे. आजचा दिवस एलिझाबेथ स्प्रेग कूलिज यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा. हे सभागृह बांधायला पैसे त्यांनी दिले, आणि आजच्या नव्या नृत्यासाठी संगीत लिहून घेण्याचे पैसेही त्यांचेच. वादकांसाठीची जागा इतकी चिंचोळी की संगीतकार ॲरन कोपलंडनं तेरा वाद्यांपुरतंच संगीत लिहिलं. शेवटाकडं तुम्ही सोबत आणलेली ती शेकरांची चाल सनईच्या जातीच्या क्लॅरिनेटवर उमटते आणि मग एकेका फेरीत वाढत जाते. कोपलंडला ती एका पुस्तकात सापडली होती. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरांत शेकरांची वस्ती कधी नव्हतीच, हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं. मला त्यात काही बिघडल्यासारखं वाटत नाही. ॲन लीच्या नाचणाऱ्या बायका आणि ओंडक्यांच्या घरातली ती बाई एका चालीत भेटल्या, आणि त्या एकमेकींना परक्या नव्हत्या.

नृत्याचं नाव 'ॲपलेशियन स्प्रिंग'. एका नव्या घराच्या अंगणात लग्न झालंय. नेपथ्य नोगुचीचं. घर म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची नुसती चौकट, भिंतीचा एक भाग, कुंपण, एक अगदी किडकिडीत झुलती खुर्ची. हा नोगुची दोन वर्षांपूर्वी आपल्या मर्जीनं ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत राहायला गेला होता. तिथल्या लोकांसाठी बागा, खेळाच्या जागा आखाव्यात म्हणून. आखू दिलं नाही, आणि बाहेर पडायलाही महिने गेले. घर हिसकावून घेतलेल्या लोकांमध्ये राहून आलेल्या माणसानं हे घर उभं केलंय. आणि प्रचारकाच्या मागून चालणाऱ्या चार भाविक मुलींपैकी एक आहे युरिको. तिच्या देशानं तिला परकी ठरवून छावणीत ठेवलं, आणि वर्षभरात ती त्याच देशाच्या राजधानीत त्याच देशाच्या रानवस्तीतल्या बायकांची भक्ती नाचून दाखवते आहे. सभागृहातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या नृत्यात कुणालाच नाव नाही. वधू, शेतकरी नवरा, प्रचारक, भाविक मुली, आणि पायोनिअर बाई, म्हणजे रानात आधी येऊन वसलेली. जनगणनेच्या रकान्यासारखेच. पण इथं प्रत्येकीला अंग आहे, वजन आहे, स्वतःचा नाच आहे. ग्रॅहमनं कोपलंडला पाठवलेल्या सुरुवातीच्या आराखड्यांत आणखी पात्रं होती. पळून आलेला गुलाम होता, एक आदिवासी मुलगी होती. हळूहळू ती गळाली आणि गोष्ट एका लग्नापुरती आटली. नृत्य म्हणून ते जास्त घट्ट झालं, यात शंका नाही. तरी त्या मुलीची जागा रिकामी राहिली, आणि मला ती प्रत्येक वेळी दिसते. पुढच्या वर्षी संगीताला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

मुंबईत एक फेरी मारू. १९५५-५६ चा हिवाळा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ग्रॅहमच्या मंडळीला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलंय. जपानपासून इराणपर्यंत, मध्ये कलकत्ता, मद्रास, दिल्ली, मुंबई. कार्यक्रमात 'ॲपलेशियन स्प्रिंग' आहे. भरतनाट्यम आणि कथक पाहिलेले डोळे इथं अभिनय शोधत असतील, मुद्रा शोधत असतील, आणि त्यांना दिसत असेल एक पाठ, एक आवळलेलं पोट, जमिनीला टेकणारा गुडघा. मंडळीबरोबर मॅट टर्नी नावाची एक उंच, शांत नर्तकी आहे. जॉर्जिया राज्यात जन्मलेली कृष्णवर्णीय बाई. ती परदेशात अमेरिकेची प्रतिनिधी म्हणून नाचते आहे, आणि त्याच डिसेंबरात तिच्या देशात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्सना बसमधली जागा गोऱ्या माणसाला दिली नाही म्हणून अटक झाली आहे. शहरातले कृष्णवर्णीय लोक बस सोडून मैलोन्‌मैल पायी कामावर जाताहेत.

आणि आता १९५८. स्टुडिओ. वर तापलेले दिवे, जमिनीवर जाड तारा, त्यांवरून पाय जपून टाका. दिग्दर्शक पीटर ग्लुशानोक कॅमेऱ्यामागे आहे, निर्माता नेथन क्रोल. पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रासाठी 'ॲपलेशियन स्प्रिंग' चित्रित होतंय. कृष्णधवल, साधारण अर्धा तास.

मार्था ग्रॅहमचा सिनेमावर फारसा भरवसा नाही. आदल्याच वर्षी याच क्रोलबरोबर 'अ डान्सर्स वर्ल्ड' हा चित्रपट झाला, त्यात ती आरशापुढे बसून रंगभूषा करत बोलते, पण नाचत नाही. रंगमंचावरचं नृत्य त्या रात्रीपुरतं असतं, फिल्मवरचं कायमचं राहतं, आणि तिचं वय आता ६४ आहे. तरी ती आज वधूच्या वेशात उभी आहे. कॅमेरा जवळ गेला की तिच्या गळ्याच्या शिरा दिसतात, डोळ्यांखालचे खळगे दिसतात. अनेकांना हे खटकतं. मला उलट वाटतं. या नववधूला पुढचं सगळं ठाऊक आहे. ती आनंदानं उड्या घेत येते, आणि मध्येच थबकते, हात पोटाशी आवळले जातात, जणू पुढची चाळीस वर्षं तिला एका श्वासात दिसली. वीस वर्षांच्या मुलीनं ती भीती नाचून दाखवली असती, ग्रॅहमच्या अंगात ती मुरलेली आहे.

एकेक पात्र अंगणात येतं. शेतकरी नवरा, स्टुअर्ट होड्स, घराच्या भिंतीवर हात ठेवतो, आपण बांधलंय ते खरंच आहे ना, असं चाचपल्यासारखा. होड्स महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवत होता, नाचाकडे वळला तो युद्धानंतर. प्रचारक बर्ट्रम रॉस, रुंद काठाची टोपी घातलेला, चार मुलींच्या घोळक्यात खुलतो, आणि मग अचानक त्याचा नाच नरकाच्या धाकाचा होतो. अंग झटके खातं, हात आकाशाकडे, मग आरोपासारखा माणसांकडे. केन रिजच्या रानात तुम्ही जे पाहिलंत, ते इथं एका अंगात कोंबलेलं आहे. भाविक मुली ओंजळीसारख्या पोकळ हातांनी टाळ्या वाजवत, बारीक पावलांनी धावतात. त्यांत युरिको आहे. चौदा वर्षांनंतरही.

पण तुम्ही मॅट टर्नीकडे पाहा. पायोनिअर बाई ती आहे.

ती फार कमी हलते. सगळे नाचत असताना ती बसते किंवा उभी असते, आणि तिच्या बसण्याला वजन आहे. झगा पायाशी पसरलेला, पाठ ताठ, मान किंचित वर. चालते तेव्हा नांगरलेल्या जमिनीवरून चालावं तशी, प्रत्येक पाऊल पुरतं टेकवून. तिचे हात मोठे होऊन उघडतात आणि वधूवर आशीर्वादासारखे येतात, पण त्या आशीर्वादात गोडवा कमी आणि खात्री जास्त आहे. वधू हातांत नसलेलं मूल जोजवते, आणि तुम्हाला ॲन लीची चार मुलं आठवतात. प्रचारक देवाबद्दल बोलतो. या बाईला बोलावं लागत नाही. तिचा विश्वास तिच्या पाठीच्या कण्यात आहे, आणि तो तिथं वर्षानुवर्षं काम करून आला आहे.

रंगमंचावर हे निसटू शकतं, कारण डोळा नाचणाऱ्यांकडे धावतो. इथं कॅमेरा मध्येच तिच्याकडे जातो आणि थांबतो, आणि तेवढ्या वेळात न हलणारं शरीर किती काही करतं हे कळतं. या चित्रपटाचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम हेच. वस्तीच्या सीमेवरच्या बायकांचा सन्मान करायचा म्हणून पुतळे पुष्कळ झाले: उन्हाची टोपी, कडेवर मूल, नजर क्षितिजाकडे. पुतळ्याला दमायला होत नाही. टर्नीचा श्वास मात्र दिसतो.

आणि हे कोण करतं आहे ते विसरू नका. साल १९५८. आदल्याच शरद ऋतूत लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना जाता यावं म्हणून लष्कर बोलवावं लागलं होतं. अमेरिकेच्या आद्य बायकांची गोष्ट सांगायची झाली की तोवर एकच चेहरा समोर यायचा, गोरा. इथं त्या देशाची सर्वांत वडीलधारी, घराला आशीर्वाद देणारी बाई म्हणून मॅट टर्नी उभी आहे, आणि कुणी त्यावर भाषण केलेलं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या रानात ओंडक्यांचं घर बांधणाऱ्या बाईचा धीर, आणि जॉर्जियातल्या कापसाच्या शेतांत ज्यांची नावंही कुणी लिहिली नाहीत त्या बायकांचा धीर, दोन्ही तिच्या खांद्यांवर आहेत. ग्रॅहमनं जी पात्रं आराखड्यातून गाळली, त्यांतलं निदान एक मला इथं परत आलेलं दिसतं. संहितेत नाही, एका नर्तकीच्या शरीरात.

मार्था ग्रॅहम त्यानंतर साधारण दशकभर रंगमंचावर नाचत राहिली, १९९१ मध्ये ९६ व्या वर्षी गेली. भूमिका दुसऱ्यांकडे गेल्या. ही फिल्म राहिली, आणि नव्या नर्तकी तिच्यातून पावलं वाचू लागल्या. पण फिल्मवरून सगळं शिकता येत नाही. कुठं वजन टाकायचं, श्वास कुठं सोडायचा, हे सांगायला माणूस लागतं.

म्हणून एक शेवटची खेप, १९८० च्या दशकातलं न्यूयॉर्क. युरिको आता साठीत आहे. फिल्मच्या आधीच ती ब्रॉडवेवर 'द किंग अँड आय'मध्ये नाचली होती, पुढं मंडळीतून बाहेर पडली, स्वतःची नृत्यं केली, आणि परत येऊन ग्रॅहमची जुनी नृत्यं तरुण मुलींकडून बसवून घेते आहे. २०२२ मध्ये, १०२ व्या वर्षी ती जाईल. अजून बराच वेळ आहे. चार मुली ओळीत उभ्या आहेत, हात पोकळ धरलेले. त्यांची टाळी एका वेळी पडलेली नाही, म्हणून युरिको पियानो थांबवते आणि त्यांना पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू करायला लावते.